आपली शर्यतीची होडी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

शिडाच्या लहान होड्यांच्या छंदाविषयी या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. होडीत पाणी शिरण्याविषयी अनेकांनी विचारले असल्यामुळे ते उत्तर मुद्दाम सविस्तर लिहिले आहे. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली असून वाचकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय ४३ आणि वजन ८४ किलो. मुंबईत शिडाची होडी चालवण्याचा प्राथमिक वर्ग पूर्ण केला आहे. आता स्वतःची शर्यतीची होडी घेऊन ती पुण्याजवळच्या एखाद्या धरणात ठेवावी असे मनात आहे. कोणती होडी घ्यावी? — एक वाचक, पुणे

उत्तर : कोणती होडी घ्यावी हे ठरवण्याआधी ती कुठे आणि कोणाबरोबर चालवणार हे ठरवावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. शर्यतीच्या बहुतेक लहान होड्या ‘वन डिझाइन’ पद्धतीच्या असतात, म्हणजे त्या क्लासच्या (एकाच प्रकारच्या) सर्व होड्यांचा आकार, वजन आणि शीड नियमाने सारखेच ठेवलेले असते आणि जिंकणे-हरणे चालवणाऱ्याच्या हातात राहते. अशी होडी एकटीच पाण्यात असली की तिचा निम्मा अर्थ जातो. आपण शीड योग्य ताणले आहे का, आपण वेगात आहोत का, हे बाजूला तशीच दुसरी होडी असल्याखेरीज कळत नाही, आणि वर्षभरात त्या एकांताचा कंटाळा येऊन होडी आवारात पडून राहते. म्हणून ज्या पाण्यावर एकाच क्लासच्या सात-आठ होड्या नियमाने उतरतात ते पाणी आधी शोधावे आणि तिथे जो क्लास चालतो तोच घ्यावा, मग दुसरी एखादी होडी आपल्याला कितीही देखणी वाटो.

धरणाविषयी स्पष्टच सांगतो. खडकवासल्याच्या जलाशयात राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र पीकॉक बे येथे शिडाच्या होड्या चालवतात, परंतु ती लष्करी प्रशिक्षणाची जागा आहे. राज्यातील धरणांचे पाणी जलसंपदा विभागाच्या अखत्यारीत येते, आणि त्यांच्या लेखी परवानगीशिवाय खासगी होडी तिथे ठेवण्याचा विचारही करू नये. परवानगी मिळाली तरी सोबतीला शर्यत करणारे कोणी नसेल, तर मी आपल्याला मुंबईच्याच पाण्याकडे पाठवीन. अपोलो बंदरासमोरच्या पाण्यात शिडांच्या शर्यतींची परंपरा फार जुनी आहे. रॉयल बॉम्बे यॉट क्लबची स्थापना १८४६ मधली आहे. १९८२ च्या आशियाई खेळांतील शिडाच्या शर्यतीही दिल्लीऐवजी मुंबईत झाल्या होत्या आणि त्यांत फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनी फायरबॉल या दोघांच्या होडीच्या क्लासमध्ये सुवर्णपदक मिळवले होते.

आपले वजन आणि एकट्याने चालवण्याची इच्छा पाहता आयएलसीए ही होडी आपल्याला योग्य ठरेल. जुने लोक तिला अजूनही लेझरच म्हणतात. कॅनडाच्या ब्रूस कर्बी यांनी आखलेली ही होडी ४.२३ मीटर लांब असून तिचा हल, म्हणजे होडीचे मूळ अंग, सुमारे ५९ किलोचा असतो. हल तोच ठेवून तिच्यावर तीन मापांची शिडे चढवता येतात: ४.७, ५.७ आणि ७ चौरस मीटरच्या आसपासची. यांतले सर्वांत मोठे शीड, म्हणजे आयएलसीए ७, साधारणपणे ७८ ते ८५ किलोच्या माणसाला पेलते. भारतीय सैन्यदलाचे विष्णू सरवणन हे याच क्लासमधून टोकियो आणि पॅरिस या दोन ऑलिंपिकमध्ये उतरले. जोडीने जाण्याचा विचार असेल तर एंटरप्राइजचा जरूर विचार करावा. जॅक होल्ट यांनी १९५६ मध्ये आखलेली ही चार मीटर लांबीची दोघांची होडी आपल्या देशात दीर्घकाळ चालली आहे, आणि तिच्यात नवख्याला अनुभवी माणसाच्या शेजारी बसून शिकता येते.

नवी आयएलसीए आयात करायची तर खर्च काही लाख रुपयांत जातो. म्हणून पहिला एक मोसम क्लबची होडी भाड्याने घेऊन किंवा दुसऱ्याच्या होडीवर साथीदार म्हणून काढावा. त्या काळात कोणती जुनी होडी विक्रीला आहे, तिचा मालक तिची निगा कशी राखतो, हे आपल्याला आपोआप दिसेल, आणि अशा ओळखीतून घेतलेली होडी जाहिरात पाहून घेतलेल्या होडीपेक्षा बहुधा चांगली निघते.

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी जुनी लेझर विकत घेतली. तासाभराच्या सफरीनंतर मागचे बूच काढले की दोन-तीन लिटर पाणी निघते. होडी इतरांपेक्षा जडही वाटते. कारागीर म्हणतो की सगळ्या सांध्यांवरून सिलिकॉन फिरवून देतो. तसे करावे का? — एक वाचक, अलिबाग

उत्तर : सिलिकॉन अजिबात लावू देऊ नये. त्याने गळती थांबत तर नाहीच, उलट त्या जागी नंतर रेझिन किंवा जेलकोट (होडीचा बाहेरचा गुळगुळीत थर) धरत नाही आणि खरी दुरुस्ती दुप्पट अवघड होते. आधी पाणी कुठून येते ते शोधावे. लेझरमध्ये ते येण्याच्या जागा ठरलेल्या आहेत आणि त्या एकेक करून तपासता येतात.

सुरुवात डोलकाठीच्या खाचेपासून करावी, कारण सर्वांत घातक गळती तीच असते. होडी सपाट ठेवून, डोलकाठी काढून, ती ज्या नळीत बसते ती नळी काठोकाठ पाण्याने भरावी, पातळीवर पेन्सिलने खूण करावी आणि अर्धा तास थांबावे. पाणी खाली गेले तर नळीचा तळ झिजून फाटला आहे असे समजावे. हे होते वाळूमुळे. किनाऱ्यावर शीड चढवताना डोलकाठीच्या बुडाला चिकटलेली वाळू नळीत उतरते आणि वाऱ्यात डोलकाठी जरा जरा फिरत राहिली की ती वाळू फायबर ग्लास खरवडून काढते. नळीचा तळ तपासला तर निरोगी खाच गुळगुळीत दिसते, आणि झिजलेल्या खाचेत कडेने खोल गोल चर व काचेचे तंतू दिसतात. अशी होडी जोराच्या वाऱ्यात नेऊ नये. नळी निसटली तर डोलकाठी डेक फाडून आडवी होते आणि मग दुरुस्तीचा खर्च होडीच्या किमतीला जाऊन भिडतो. दुरुस्तीसाठी डोलकाठीजवळ डेकवर गोल तपासणी झाकण बसवावे लागते. आतून नळीच्या बुडाभोवती फायबर ग्लासची पट्टी इपॉक्सीने गुंडाळली, की ते काम अनेक वर्षे टिकते. असे झाकण क्लासच्या नियमांना चालते, त्यामुळे त्याविषयी शंका बाळगू नये.

खाच ठीक असेल तर मग हवेची परीक्षा करावी. बुचाच्या जागी रबरी नळी घट्ट बसवून तोंडाने हलकेच हवा भरावी आणि दुसऱ्या माणसाने साबणाचे पाणी ब्रशने सर्व सांध्यांवर लावत जावे. कॉकपिटच्या (पाय ठेवण्याच्या खोलगट जागेच्या) पुढच्या भिंतीत हवा खेळण्यासाठी एक बारीक भोक असते, ते या परीक्षेपुरते चिकटपट्टीने बंद करावे आणि नंतर न विसरता मोकळे करावे. जिथे बुडबुडे फुगतील तिथे गळती आहे. डेक आणि हल जोडणारी कडा, डॅगरबोर्डच्या (तळातून पाण्यात सोडायच्या फळीच्या) खोक्याचे वरचे व खालचे तोंड, कॉकपिटच्या तळाचा बेलर (आतले पाणी बाहेर सोडणारी झडप) आणि सुकाणूच्या बिजागऱ्यांचे स्क्रू या जागा बारकाईने पाहाव्यात. कंप्रेसर किंवा टायरमध्ये हवा भरण्याचा पंप वापरू नये, कारण लेझरचा हल दाब सोसण्यासाठी बांधलेला नसतो आणि चांगला सांधाही त्या हवेने उकलतो.

जडपणाचे कारण निराळे असू शकते. जुन्या होड्यांत हलच्या आत फोमचे ठोकळे असतात आणि वर्षानुवर्षे आत पाणी साचत राहिले की ठोकळे ते शोषून घेतात. होडी पूर्ण निथळू द्यावी, सर्व दोऱ्या व जोडसामान काढावे आणि दोन ठिकाणी पट्टे बांधून वजनकाट्याला टांगावी. आकडा ५९ च्या बराच वर गेला, तर तपासणी झाकणे उघडून आत लहान पंखा लावावा आणि कोरड्या ऋतूत काही आठवडे तो चालू ठेवावा. वजन हळूहळू उतरते. याच वेळी दोन्ही बाजूंच्या डेकवर, जिथे माणूस बाहेर झुकून बसतो, तिथे अंगठ्याने दाबून पाहावे. डेक मऊ लागत असेल आणि दाबल्यावर चरचरत असेल तर आतले थर सुटले आहेत, आणि अशा होडीच्या मालकाने तिचा सरावासाठी उपयोग करून मोठ्या शर्यतीसाठी दुसरी पाहावी हे बरे.

एक सावधगिरीची सूचना. हल घासून अधिक गुळगुळीत किंवा हलका करण्याचा मोह कारागीर घालतील, परंतु मूळ आकार वा वजन बदलून वेग वाढवण्याच्या हेतूने केलेले घासकाम क्लासच्या नियमात बसत नाही. धुणे, पॉलिश करणे आणि खरोखरची इजा दुरुस्त करणे एवढेच चालते.

प्रश्न : पावसाळ्यात होडी चार महिने बंद राहते. ती कशी ठेवावी? गेल्या वर्षी ताडपत्रीत घट्ट गुंडाळून ठेवली होती, तर शिडावर काळे डाग आणि हलवर फोड आले. — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : डाग आणि फोड या दोन्हींचे कारण ती घट्ट ताडपत्रीच आहे. कोकणातल्या दमट हवेत होडीला सावली आणि खेळती हवा यांची गरज असते. बांधून ठेवलेल्या ताडपत्रीखाली ओल कोंडते, ऊन पडले की ती तापते, आणि जेलकोटखाली शिरलेले पाणी फुगून फोड येतात. छप्पर असेल तर ताडपत्री लावूच नये. नसेल तर ती होडीपासून हातभर उंच, तंबूसारखी, दोन्ही टोके उघडी ठेवून ताणावी.

होडी पालथी, म्हणजे डेक खाली करून, काठांखाली जाड गादी दिलेल्या दोन आडव्या आधारांवर ठेवावी. तळाच्या मधोमध एका जागी भार येईल असा आधार देऊ नये, कारण चार महिन्यांत तिथे खळगा पडतो. बूच आणि झाकणे उघडी ठेवावीत. जमिनीत पक्के खुंट ठोकून रुंद पट्ट्यांनी होडी बांधावी, आणि हे काम मे महिन्याच्या मध्यालाच उरकावे, कारण वळवाच्या वावटळीत साठ किलोची होडी सहज उडते आणि शेजारच्या होडीवर जाऊन आदळते.

बंद करण्यापूर्वी सर्व सामान गोड्या पाण्याने भरपूर धुवावे. डोलकाठीचे दोन्ही भाग वेगळे करावेत. मोसमभर जोडलेले ठेवले तर मीठ साचून ते असे जाम होतात की दोन माणसांनी पिळूनही सुटत नाहीत. ॲल्युमिनियममध्ये पोलादी रिव्हेट जिथे बसवलेले असते तिथे पांढरी भुकटी दिसली तर गंजण्यास सुरुवात झाली आहे असे समजावे. ती घासून, धुऊन, पूर्ण वाळवावी, आणि रिव्हेटभोवती चीर गेली असेल तर तो भाग पुढच्या मोसमात वापरू नये. वरच्या भागाचे तेच सर्वांत कमकुवत ठिकाण असते. बूम (शिडाच्या खालच्या कडेची आडवी काठी), सुकाणू आणि डॅगरबोर्डही घरातच ठेवावेत. यांतली पाती भिंतीला तिरकी टेकवून ठेवली तर उष्णतेने वाकतात, म्हणून ती सपाट आडवी ठेवावीत.

शीड धुऊन सावलीत, पण वाऱ्यात फडफडणार नाही असे वाळवावे. घडी घालू नये. वरून खाली गुंडाळून, कापडी पिशवीत घालून छताला टांगावे. छताला टांगण्याचे कारण उंदीर. होडीघरात जमिनीवर ठेवलेल्या शिडाच्या गुंडाळीत उंदीर घर करतात आणि एका रात्रीत तिला आरपार भोके पाडतात. दोऱ्या कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून काढाव्यात. खारवलेली दोरी कडक होते आणि कप्पीत नीट फिरत नाही.

याच काळात ज्यांना पाण्यापासून दूर राहवत नाही त्यांनी हैदराबादकडे पाहावे. मुंबईच्या होड्या किनाऱ्याला असतात तेव्हा हुसेनसागर तलावावर मोसमी वाऱ्याच्या बळावर लेझरच्या शर्यती होतात.

प्रश्न : वाऱ्याकडची खूण डाव्या हाताला ठेवून वळसा घ्यायचा होता. मी पोर्ट टॅकवर, म्हणजे डाव्या बाजूने वारा घेत, आलो, खुणेपासून सुमारे दोन होड्यांच्या अंतरावर स्टारबोर्डवर, म्हणजे उजव्या बाजूने वारा घेत, वळलो. मागून स्टारबोर्डवर आधीपासून येणाऱ्या होडीला मला टाळण्यासाठी नाळ (होडीचे पुढचे टोक) वाऱ्यात घालावी लागली. तिने तक्रार केली आणि मला बाद केले. वळल्यानंतर मीही स्टारबोर्डवरच होतो, मग माझा दोष कोणता? — एक वाचक, मुंबई

उत्तर : समितीचा निर्णय बरोबर आहे. स्टारबोर्ड टॅकवरच्या होडीला पोर्ट टॅकवरच्या होडीने वाट द्यायची हा दहावा नियम सर्वांना पाठ असतो, परंतु खुणेपाशी तो एकटा पुरत नाही. खुणेभोवती तीन होड्यांच्या लांबीइतके क्षेत्र असते, ज्याला झोन म्हणतात, आणि आपण दोन होड्यांच्या अंतरावर वळलात म्हणजे त्या क्षेत्राच्या आत वळलात. अशा वेळी १८.३ हा नियम लागू होतो. झोनमध्ये पोर्टवरून स्टारबोर्डवर वळलेल्या आणि वळल्यावर पुन्हा न वळता खूण गाठणाऱ्या होडीने, झोनमध्ये शिरल्यापासून स्टारबोर्डवरच असलेल्या होडीला वाऱ्याच्या अधिक जवळ वळायला लावायचे नाही. दुसऱ्या होडीला नाळ वाऱ्यात घालावी लागली, तिथेच नियम मोडला. शिवाय नाळ वाऱ्याच्या पलीकडे गेल्यापासून होडी पुन्हा वाऱ्याला धरून चालू लागेपर्यंत वळणाऱ्याने इतरांना टाळायचे असते, हा तेरावा नियमही आपण तपासून पाहावा.

आपण त्याच क्षणी चूक ओळखून, इतरांपासून दूर जाऊन, एकाच दिशेने लागोपाठ दोन पूर्ण फेऱ्या घेतल्या असत्या तर बाद होण्याची वेळ आली नसती. आपल्याकडे या फेऱ्या घेणे कमीपणाचे मानतात, हे मला मनापासून खटकते. पंच नसलेल्या पाण्यावर हा खेळ ज्या विश्वासावर चालतो तो विश्वास या फेऱ्यांतच असतो. आणि आपल्यावर अन्याय झाला असे वाटले तर लगेच मोठ्याने ‘प्रोटेस्ट’ असे ओरडावे. सहा मीटरपेक्षा लहान होडीला लाल झेंडा दाखवण्याची गरज नसते, पण ओरडायला उशीर झाला तर तक्रार ऐकली जात नाही. हे नियम दर चार वर्षांनी सुधारले जातात. सध्या २०२५ ते २०२८ ची आवृत्ती चालू आहे, ती जवळ ठेवावी.

प्रश्न : गेटवेसमोरच्या शर्यतीत सकाळी पूर्वेकडचा वारा असतो, अकराच्या सुमारास सगळे थंडावते आणि दुपारी भलत्याच दिशेने वारा सुटतो. शिवाय खूण समोर दिसत असूनही मी तिच्या खालीच घसरत जातो. — एक वाचक, ठाणे

उत्तर : हिवाळ्यात रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते आणि सकाळी जमिनीवरून मतलई वारा वाहतो. ऊन चढले की जमीन तापते, दोन्हींचे तापमान सारखे होते तेव्हा वारा पडतो, आणि नंतर समुद्रावरून खारा वारा सुरू होतो, जो मुंबईत बहुधा वायव्येकडून येतो. मधल्या शांततेत गोंधळून न जाता पश्चिमेकडे लक्ष ठेवावे. नव्या वाऱ्याची गडद रेघ पाण्यावर आधी दिसते आणि जो तिच्याकडे सरकून बसलेला असतो तो पहिला सुटतो.

खुणेखाली घसरण्याचे कारण प्रवाह आहे. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरहून अधिक असतो आणि एवढे पाणी सुमारे सहा तासांत आत येते व सहा तासांत बाहेर जाते. मधल्या दोन तासांत त्याचा वेग सर्वांत जास्त असतो. प्रवाह ओळखण्यासाठी नांगरलेल्या प्रवासी लाँचांकडे पाहावे, कारण वारा मंद असेल तेव्हा त्यांची तोंडे प्रवाहाच्या उगमाकडे असतात. बोयाच्या एका बाजूला पाण्याची शेपटी दिसली तर ती ज्या दिशेला जाते तिकडे पाणी चालले आहे. प्रवाह आपल्याला खुणेपासून दूर ढकलत असेल तर शेवटचे वळण नेहमीपेक्षा उशिरा घ्यावे, आणि तो आपल्याला खुणेकडे नेत असेल तर लवकर. सुरुवातीच्या रेषेवरही हेच. पाणी मागून ढकलत असेल तर शेवटच्या मिनिटात रेषेपासून चांगले मागे राहावे, अन्यथा तोफ वाजण्यापूर्वीच आपण पलीकडे गेलेले असतो आणि लवकर निघाल्याची खूण म्हणून एक्स झेंडा चढतो. रेषेच्या टोकाच्या मागे किनाऱ्यावरची एखादी इमारत हेरून ठेवली की आपण रेषेपासून किती दूर आहोत ते अचूक कळते. भरतीची वेळ दररोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे जाते, त्यामुळे मागच्या रविवारी चाललेली युक्ती या रविवारी उलटी पडू शकते.

प्रश्न : माझी मुलगी १३ वर्षांची असून दोन वर्षे ऑप्टिमिस्ट ही मुलांची होडी चालवते. तिचे वजन ४८ किलो झाले आहे. मोठी होडी कधी घ्यावी? — एक पालक, पणजी

उत्तर : ऑप्टिमिस्टमध्ये १५ वर्षांपर्यंत भाग घेता येतो, परंतु ती पस्तीस किलोची, अडीच मीटरहून कमी लांबीची होडी आहे आणि ४८ किलोच्या मुलीला हलक्या वाऱ्यात तीत मागे पडल्याचे वैफल्य येऊ लागते. आयएलसीए ४ हे सर्वांत लहान शीड तिला आजच पेलेल. याच क्लासमध्ये भोपाळच्या राष्ट्रीय सेलिंग स्कूलच्या नेहा ठाकूरने २०२३ मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई खेळांत रौप्यपदक मिळवले आहे. हल तोच राहतो, त्यामुळे पुढे तिचे वजन वाढले की फक्त शीड आणि डोलकाठीचा खालचा भाग बदलावा लागेल. होडी घेताना निर्णय मात्र तिचा असू द्यावा, आणि धुण्या-पुसण्याचे, गाठी तपासण्याचे कामही पहिल्या दिवसापासून तिच्याकडेच द्यावे. सुकाणूची खिट्टी बसली आहे की नाही हे स्वतः पाहणारी मुले पाण्यावर अधिक निर्धास्त असतात.

प्रश्न : इंग्लंडमध्ये आल्यावर इथल्या तलावावरच्या क्लबात लेझर चालवू लागलो. परवा एक फायरबॉल माझ्या पाच मिनिटे आधी पोचली तरी निकालात मी तिच्या पुढे होतो. हा काय प्रकार आहे? — एक वाचक, रेडिंग

उत्तर : निरनिराळ्या क्लासच्या होड्या एकत्र धावतात तेव्हा तिथे पोर्ट्समथ यार्डस्टिक ही पद्धत वापरतात. प्रत्येक क्लासला एक आकडा दिलेला असतो, जो वेगवान होडीला लहान आणि संथ होडीला मोठा असतो. लागलेल्या वेळेला १,००० ने गुणून त्या आकड्याने भागायचे. लेझरचा आकडा १,१०० च्या आसपास आणि फायरबॉलचा ९५५ च्या आसपास असतो. आपल्याला ५५ मिनिटे लागली असतील तर हिशोबातला वेळ ५० मिनिटे येतो, आणि फायरबॉलला ५० मिनिटे लागली असतील तर तिचा वेळ ५२ मिनिटांहून थोडा अधिक येतो. हे आकडे वेळोवेळी सुधारले जातात, म्हणून क्लबच्या फलकावरची चालू यादी पाहावी. एकेकटे निरनिराळ्या होड्यांचे मालक असलेल्या जागी ही पद्धत उपकारक आहे, तरीही आपल्या क्लबात लेझरचा वेगळा ताफा उभा राहत असेल तर त्यातच जावे.

प्रश्न : मूळ शीड फार महाग पडते. बाजारात त्याच मापाचे नकली शीड निम्म्याहून कमी किमतीत मिळते. चालेल का? — एक वाचक, मुंबई

उत्तर : सरावाला आणि क्लबच्या मैत्रीच्या शर्यतींना जरूर चालेल, आयोजकांना आधी विचारून घ्यावे एवढेच. क्लासच्या अधिकृत स्पर्धेत मान्यताप्राप्त बनावटीचे शीडच लागते. माझा सल्ला असा की सरावासाठी स्वस्त शीड वापरावे आणि अधिकृत शीड शर्यतीच्या दिवसांसाठी राखून ठेवावे, कारण शिडाचे आयुष्य वर्षांपेक्षा उन्हाच्या व फडफडीच्या तासांवर अधिक अवलंबून असते. किनाऱ्यावर शीड चढवून गप्पा मारत उभे राहणे टाळावे. कापड हातात चुरगाळल्यावर कागदासारखे न वाजता रुमालासारखे मऊ पडू लागले, आणि मागची कड ताणूनही सैल राहू लागली, की ते शीड सरावाच्या पिशवीत टाकावे आणि नव्याची मागणी मोसम सुरू होण्याच्या दोन-तीन महिने आधी नोंदवावी, कारण परदेशातून यायला आणि सीमाशुल्कातून सुटायला वेळ लागतो.